होटगीची राणी

२ डिसेंबर, सोमवार

ऋतुजाच्या शाळेतल्या बुद्धप्रिया सरवदे मॅडम संध्याकाळी घरी आल्या होत्या. नात सहावीत आहे, या तिच्या वर्गशिक्षिका. मला वाटलं पोरीनं काहीतरी केलं. पण काम माझ्याकडं निघालं. ऋतुजानं वर्गात सांगितलंय म्हणे, माझे अज्जा राणी व्हायचे. पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी तिला सगळं नीट विचारून घेतलं.

खरं आहे ते. सोलापुरात राहायला यायच्या आधी, होटगीच्या पलीकडं आमच्या गावात जत्रेला दरसाल राजाराणीचं नाटक व्हायचं. गावातल्याच एका मास्तरांनी लिहिलेलं, निम्मं मराठी, निम्मं कन्नड. त्यात सव्वीस वर्षं राणी मी होतो. एरवी होटगी जंक्शनवर पॉइंट्समन, गाडी यायच्या आधी रूळ फिरवून तिला रस्ता लावून देणारा, आणि जत्रेचे तीन दिवस इरकली लुगड्यातली राणी. बायकांची कामं पुरुषच करायचे तेव्हा, त्यात कुणाला काही वाटायचं नाही.

जानेवारीत शाळेचं गॅदरिंग आहे. सहावीच्या मुलांकडून त्या नाटकातला एक प्रवेश बसवून द्याल का, असं मॅडमनी विचारलं. मुलगा अजिंक्य नुकताच बँकेतून आला होता. तो म्हणाला, अप्पांचं वय झालंय. सदुसष्ट काही फार नाही. मी चहा संपायच्या आत हो म्हणून टाकलं.

मॅडम गेल्यावर अक्कम्मानं माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली. लुगड्याला कसर लागली असेल या भीतीनं मीच उघडायला तयार नव्हतो. लुगडं जसंच्या तसं होतं. ती दरवर्षी दिवाळीच्या आधी ते उन्हात टाकते. हे मला आज कळलं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली.

५ डिसेंबर, गुरुवार

पहिली तालीम. राजा कोण होणार म्हटल्यावर एकवीस हात वर. त्यात पंधरा पोरांचे. सगळ्यांना सिंहासनावर बसून दाखवायला सांगितलं. पोरं छाती फुगवून बसली. भुवनेश्वरी नावाची एक मुलगी आली, बसली आणि समोर बघितलं फक्त. पुढच्या बाकांवरची पोरं सरळ बसली. तिची आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर असतात. राजा तीच.

राणीसाठी सहा हात वर आले, चार मुलींचे, दोन मुलांचे. पाण्याची घागर घेऊन चालायला लावलं. मुली खुदूखुदू हसत कंबर हलवत चालल्या, टीव्हीवर बघून. दिपक नावाचा मुलगा सरळ चालला, घागरीतलं पाणी हललं नाही. मी त्यालाच घेतलं. पोरांना सांगितलं, बायका कंबर हलवत चालत नाहीत, पुरुषांना तसं वाटतं. घरी जाऊन आईला चालताना बघा.

मॅडम मागं उभ्या होत्या. हे वहीत लिहून घेऊ का म्हणाल्या. मला लई बरं वाटलं.

११ डिसेंबर, बुधवार

आज पूर्ण पोशाखात या, मुलांना बघू दे, असं मॅडमनी सांगितलं होतं. शाळेतच एका रिकाम्या खोलीत नेसलो. अक्कम्मा बरोबर होती, निऱ्या तिनंच घातल्या. वीस वर्षांनी नेसत होतो, पण हात विसरले नव्हते. कुंकू लावलं आणि वर्गात गेलो. पोरं उठून उभी राहिली. सांगावं लागलं नाही.

मॅडमनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली. एका टोकाला ‘बाई’, दुसऱ्या टोकाला ‘पुरुष’. मग विचारलं, भाकरी करणं कुठं लिहू. बाईकडं, बाईकडं. एक मुलगी म्हणाली, आमचे पप्पा कामाला जाताना स्वतःचा डबा स्वतः करून नेतात. मॅडमनी खडू थोडा आत सरकवला. असंच रडणं, मोटारसायकल, लांब केस, मारामारी, घर चालवणं. तास संपत आला तेव्हा रेघेचा मधला भाग गच्च भरला होता आणि दोन्ही टोकांना फारसं काही उरलं नव्हतं.

भुवनेश्वरीनं हात वर केला. कामं मधे आली, पण माणसं पण मधे असतात का, तिनं विचारलं. मॅडम बोलणार एवढ्यात माझ्याच तोंडून निघालं, “सोलापूर आणि होटगी, दोनच स्टेशनं हायेत का? मधे टिकेकरवाडी हाय. लई गाड्या तितं थांबत न्हाईत. म्हणून स्टेशन न्हाई म्हणता येतं का?”

“मग अज्जा, तुमी कुठल्या स्टेशनात?”

“लुगडं नेसलं की मी टिकेकरवाडीला उतरतो,” मी म्हणालो. “तितं मला बरं वाटतं.”

वर्ग हसला. मीपण हसलो. दिपक माझ्याकडं बघत राहिला. मॅडमनी मोबाइलवर हे सगळं घेतलं आणि पालकांच्या ग्रुपवर टाकलं, मुलं किती छान प्रश्न विचारतात बघा म्हणून.

रिक्षातनं तसाच घरी आलो. लुगडं सोडायचं राहून गेलं. चहा झाला, बातम्या झाल्या. अक्कम्मानं आठवण केली नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

अजिंक्य बँकेतून दुपारीच घरी आला. मोबाइल माझ्यापुढं धरला. एक्केचाळीस सेकंदांचा मी. भाकरीचं, रेघेचं सगळं कुणीतरी कापून काढलंय. फक्त मी लुगड्यात, आणि “तितं मला बरं वाटतं”. खाली लिहिलंय, ‘होटगीची राणी. सहावीच्या मुलांना हे शिकवतात.’ त्याच्या बँकेतल्या शिपायानं त्याला दाखवलं.

तो ओरडला नाही. म्हणाला, “अप्पा, बरं वाटतं म्हणजे काय?”

मी म्हणालो, कलाकाराला रंगमंचावर बरं वाटतंच की. तो म्हणाला, वर्गात रंगमंच कुठं होता.

१६ डिसेंबर, सोमवार

शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब यांनी बोलावलं होतं. माणूस गोड. खुर्ची दिली, गुळाचा चहा दिला. म्हणाले, शिवपुत्र, जत्रेत तुला हार मीच घातला होता, आठवतंय का. आठवतंय. दोनदा घातला होता, आणि एकदा पायाही पडले होते, राणीच्या.

मी विचारलं, मग आता काय बदललं? ते म्हणाले, तेव्हा ते नाटक होतं, आता त्याचा विषय झालाय.

त्यांनी एक कागद पुढं केला. व्हिडिओत एवढं वाचून दाखवायचं: मी गमतीत बोललो. नाटक हे नाटक असते. बाई ती बाई आणि पुरुष तो पुरुष. मुलांच्या मनात गोंधळ झाला असल्यास क्षमस्व. म्हणजे प्रकरण मिटेल. नाहीतर मग सरवदे मॅडमचं बघावं लागेल. त्या अजून शिक्षणसेवक आहेत, तीन वर्षं जूनमध्ये पुरी होतायत, कायम करायचं की नाही ते संस्थेच्या हातात आहे. हे त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं.

कागद खिशात घालून आलो. खरं तर चार वाक्यंच आहेत. नाटक हे नाटक असतं, हे मी स्वतःच आयुष्यभर सांगत आलोय.

१७ डिसेंबर, मंगळवार

व्हिडिओ करायला बसलो. पांढरा सदरा घातला. ऋतुजानं मोबाइल धरला. चार वेळा केलं. पहिल्यांदा ‘क्षमस्व’ला अडखळलो. दुसऱ्यांदा खोकला आला. तिसऱ्यांदा सगळं बरोबर म्हणालो, पण ऋतुजा म्हणाली आवाज आला नाही. चौथ्यांदा तिनं मोबाइल खाली ठेवला.

“अज्जा, तुमी गमतीत बोलला होता?”

मी म्हणालो, व्हय. ती म्हणाली, मग मला पण तसंच सांगायचं का शाळेत. मी म्हणालो, आज राहू दे, उजेड नीट नाही. सकाळचे अकरा वाजले होते.

१८ डिसेंबर, बुधवार

शिवयोगीबद्दल कुठंच लिहिलेलं नाही मी. आज लिहितो.

नाटकात तो राणीची सखी व्हायचा. माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी लहान. नाटक संपलं की मी लुगडं सोडायचो, त्याला सोडवायचं नाही. पुढं पुढं तो एरवीही कपाळाला टिकली लावायला लागला, गावात फिरताना डोक्यावरून टॉवेलचा पदर घ्यायला लागला. मला तो सगळं सांगायचा. मला मुलगा म्हणून हाक मारली की मागं दुसरंच कोणीतरी उभं आहे असं वाटतं, म्हणायचा. मी ऐकून घ्यायचो.

एक्क्याण्णव साली जत्रेच्या नंतर गावातली चार माणसं माझ्याकडं आली. तुम्हीही त्यातलेच का, असं विचारलं. मी म्हणालो, आमचं नाटकापुरतं. मी बायकापोरांचा माणूस. त्याचं काय ते मला माहीत नाही. त्यांचं समाधान झालं, पान खाऊन गेले.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्यांनी शिवयोगीचा हात मोडला.

तिसऱ्या दिवशी तो होटगी स्टेशनवर आला, हात गळ्यात बांधलेला. दक्षिणेकडं जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसला. माझीच ड्यूटी होती. त्या गाडीला रस्ता मीच लावून दिला, हिरवं निशाण माझ्याच हातात होतं. त्यानं खिडकीतून माझ्याकडं बघितलं. मी चाकांकडं बघत होतो. पुन्हा त्याचा पत्ता लागला नाही. मी लावलाही नाही. त्याच्या पुढच्या साली राणी मीच होतो, सखीला दुसरा माणूस मिळाला.

त्या चार माणसांना मी जे सांगितलं तेच बापूसाहेबांच्या कागदावर आहे. फक्त भाषा शुद्ध आहे.

२० डिसेंबर, शुक्रवार

मॅडमना शाळेनं लेखी खुलासा मागितलाय. शाळा सुटल्यावर त्यांना भेटलो. म्हणालो, तुमची नोकरी वाचत असेल तर मी वाचतो तो कागद. माझं काय, मी पेन्शनीत निघालेला माणूस.

त्या सायकलस्टँडजवळ उभ्या होत्या. कागद वाचून त्यांनी घडी घालून परत दिला.

“काका, माझ्या आजोबांना वर्गाच्या दाराबाहेर बसवून शिकवायचे. आत घेतलं तर आमची मुलं बिघडतील, अशी तक्रार होती. पालकांचीच होती. एका गुरुजींनी ती ऐकली नाही, आजोबांना आत आणून बसवलं. म्हणून मी आज फळ्यापुढं उभी आहे. तुम्हाला व्हिडिओ करायचा असेल तर तुमच्यासाठी करा. माझ्या नावावर करू नका.”

कागद घरी आणून चुलीत घालणार होतो. गॅस आहे. फाडून टाकला.

२१ डिसेंबर, शनिवार

पालकसभा. हॉल भरला होता. बापूसाहेब म्हणाले, आपल्या मुलांना काय शिकवायचं ते पालकांनी ठरवावं, संस्था पालकांच्या बाजूनं आहे. मग एकेक जण बोलला. सहावीचं वय हे ऐकायचं नाही. आमच्या मुलाला रात्री झोप लागली नाही. पोरगा पदर घेऊन आरशासमोर उभा राहिला तर काय करायचं. अजिंक्य मागच्या रांगेत बसून मोबाइल बघत होता.

दिपकचे वडील मागावरनं थेट आले होते, अंगाला सुताची धूळ. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते शांतपणे बोलले. “अज्जा, तुमाला ह्या वयात कोण चिडवणार? माझ्या पोराला गल्लीत राणी राणी म्हणत मागं लागत्यात. तुमी शिकवून घरी जाणार. त्या गल्लीतनं त्यालाच जायचंय.”

जे सुचलं ते बोललो, की चिडवणारी पोरंही याच हॉलमधल्यांची असतील, त्यांना काय शिकवायचं ते पण आजच ठरवा. थोडी कुजबुज झाली. पण त्या माणसाच्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं.

मग भुवनेश्वरीची आई उठली. तेलुगूच बोलते घरी, मराठी अडखळत. “माझ्या पोरीला राजा केलं. तालमीत मिशी लावली. तवा तुमीच फोटो काढला, शाब्बास म्हणला. पोरगी राजा झाली की वर चढली, पोरगा राणी झाला की खाली पडला. मग राणी खालची हाय का? मी पण खालची हाय का?”

बापूसाहेबांनी पाणी प्यायलं.

मला विचारलं, तुम्हाला काही खुलासा करायचाय का. मी उभा राहिलो. म्हणालो, “मी गमतीत बोललो नव्हतो. जे बोललो ते खरं हाय. एकदा खोटं बोललो होतो, तवा दुसऱ्याचा हात मोडला.” हे कुणाला कळलं नसणार. मी समजावून सांगायला थांबलो नाही.

हात वर करून ठराव झाला. प्रवेश रद्द.

२२ डिसेंबर, रविवार

अजिंक्य बोलत नाही. सूनबाई बोलते, पण मीठ हवंय का एवढंच. ऋतुजाला तिच्या मैत्रिणीनं वाढदिवसाला बोलावलं नाही.

मी पोरांना नाटक शिकवायला गेलो होतो, का स्वतःलाच पुन्हा लुगडं नेसवायला? सकाळपासून हेच डोक्यात चाललंय. दिपकचा बाप बरोबर बोलत होता. पण चूक बोलत नव्हता म्हणून मी चूक बोललो असं होत नाही. इथंच थांबतो. कळत नाही.

६ जानेवारी, सोमवार

गेले पंधरा दिवस ऋतुजाला शाळेत सोडायला मीच जातो, दिपकच्या गल्लीतनं वळसा घेऊन. दिपक दारात थांबलेला असतो. त्याच्या बापाला आधी विचारलं. ते नको म्हणाले नाहीत.

पहिल्या दिवशी मागनं “राणी, राणी” सुरू झालं. मी थांबलो, मागं वळलो. म्हणालो, “राणी मी हाय. बोला, काय काम हाय?” पोरं पांगली. दुसऱ्या दिवशी दोघंच होते. त्यातल्या एकाला त्याच्या आजाच्या नावानं हाक मारली, आजा माझ्याबरोबर रेल्वेत होता. आता आवाज येत नाही. निदान मी असताना तरी.

आज मॅडमचा आदेश निघाला. संस्थेची करमाळ्याला शाळा आहे, तिथं बदली. गॅदरिंग झालं की हजर व्हायचं. खुलाशात त्यांनी एकच ओळ लिहिली होती म्हणे: मी शिकवलेल्यात चूक काय ते दाखवावे. दाखवलं कुणीच नाही. बदली केली.

मी वाईट वाटून घेत होतो. त्या म्हणाल्या, “तिथंही मुलं आहेतच की, काका.”

१६ जानेवारी, गुरुवार

सिद्धेश्वराच्या जत्रेला गड्ड्यावर गेलो. ऋतुजा पाळण्यात बसली. तिथं दोघातिघांनी ओळखलं, एकानं शिट्टी मारली. मी मान खाली घालून पुढं निघालो होतो. अक्कम्मा मात्र थांबली, कासाराच्या दुकानापुढं. हिरव्या बांगड्या बघितल्या, स्वतःच्या मापाच्या घेतल्या. मग माझा हात धरून पुढं केला आणि कासाराला म्हणाली, “ह्या मापाच्या बी दे.” शिट्टी मारणारे तिथंच उभे होते. कासारानं माझ्या हाताकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं डझनभर काढून दिल्या.

वाटेत विचारलं, माझ्यासाठी कशाला. म्हणाली, जुन्या तडकल्यात. प्रवेश तर रद्द झालाय, मी म्हणालो. तिनं ऐकलंच नाही असं केलं.

२५ जानेवारी, शनिवार

गॅदरिंग दुपारी चारला होतं. निमंत्रणावर छापलं होतं, पालकांनी सहकुटुंब उपस्थित राहावे. मी पालक आहे. कुटुंब माझं.

दोन वाजता आंघोळ करून लुगडं नेसलो. अक्कम्मानं निऱ्या घातल्या, बांगड्या चढवल्या. सूनबाई दारात आली, बघून आत गेली. मला वाटलं झालं. ती गजरा घेऊन बाहेर आली, ऋतुजाच्या हातात दिला आणि परत आत गेली. अजिंक्य म्हणाला, मी येणार नाही. मी म्हणालो, बरं.

फाटकावर मुख्याध्यापक उभे होते. पाहुण्यांना गुलाब देत होते. मला बघून त्यांचा हात हवेतच राहिला. म्हणाले, शिवपुत्रअप्पा, कार्यक्रमात तुमचं काम नाही ना आता. मी म्हणालो, काम करायला आलो न्हाई, बघायला आलोय. निमंत्रण दाखवलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी बघितलं. मग गुलाब दिला.

आत खुर्च्या मांडल्या होत्या. डावीकडं महिला, उजवीकडं पुरुष, मधे दोरी. स्वयंसेवक मुलगी नववीतली असेल, माझ्यापुढं येऊन उभी राहिली. तिला कुठं बसवावं कळेना. मलाही कळेना, खरं सांगायचं तर. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी इतक्या सरळ विचारत होतं. अक्कम्मानं माझा हात धरला आणि म्हणाली, “माझ्या शेजारी.” पुढून दुसऱ्या रांगेत बसलो. माझ्या डाव्या बाजूची बाई उठून गेली. ती खुर्ची रिकामी राहिली, मग भुवनेश्वरीची आई येऊन तिथं बसली.

बापूसाहेबांचं भाषण लोककला जपण्यावर होतं. बोलताना नजर आमच्या रांगेवर आली आणि त्यांचा एक परिच्छेद हरवला. मी पदर सारखा करून बसलो होतो, सरळ. सहावीचं नुसतं समूहगीत झालं. भुवनेश्वरीला सरदार म्हणून मिशी लावली होती, तिला टाळ्या पडल्या, बापूसाहेबांनीच बक्षीस दिलं. मीही टाळ्या वाजवल्या, बांगड्यांचा आवाज झाला.

संपल्यावर मैदानात लोक बघत होते. मोबाइल वर निघाले होते. एकदोघी बायका येऊन लुगडं हातात घेऊन बघून गेल्या, कुठलं म्हणून. दिपकचे वडील लांबून हात जोडून गेले. मॅडम आल्या आणि वाकून पाया पडल्या. त्यांना सोमवारी करमाळ्याला जायचंय.

फाटकाबाहेर रिक्षा शोधत होतो. अजिंक्य मोटारसायकल घेऊन उभा होता. किती वेळ उभा होता माहीत नाही. आईला आणि ऋतुजाला त्यानं रिक्षात बसवलं आणि मला म्हणाला, “अप्पा, बसा.”

लुगड्यात दोन्हीकडं पाय टाकता येईना, म्हणून बायका बसतात तसा एका बाजूनं बसलो. सात रस्त्याला सिग्नल लागला. भर चौकात, उतरत्या उन्हात, सगळीकडनं लोक बघायला लागले. शेजारच्या रिक्षावाल्यानं काहीतरी म्हटलं. अजिंक्यनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं, सिग्नल हिरवा होईपर्यंत बघतच राहिला. मग मला म्हणाला, नीट धरून बसा.

घरी आल्यावर गाडी लावून तो सरळ आत गेला. मला वाटतं अजून रागातच आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमचा करमाळ्याहून फोन आला. शाळेत त्यांना सध्या गणित दिलंय, दुसरं काही शिकवू नका म्हणून सांगितलंय. मग त्या रविवारी तिथल्या विहारात मुलं जमवतात. चाळीसेक येतात, त्यात मराठ्यांची येतात, धनगरांची येतात. फळा त्यांनी स्वतः रंगवला. मुलांना राजाराणीचा प्रवेश शिकायचाय. याल का, काका? मी विचारलं, तुमची नोकरी? त्या म्हणाल्या, रविवार माझा आहे.

मी येतो म्हणालो. अजिंक्यला सांगितलं. तो म्हणाला, सकाळची एसटी लई भरलेली असते, मी सोडतो.

संध्याकाळी अक्कम्मा लुगड्याची घडी पिशवीत घालत होती. मी इतके दिवस विचारीन म्हणत होतो, ते आज विचारलं. एवढी वर्षं तू मला कधी काही बोलली नाहीस. जत्रा झाल्यावर मी लुगडं सोडायला उशीर करायचो, तेव्हाही नाही. लोकांनी विचारलं, पोरानं विचारलं. तू का नाही विचारलं?

ती घडी घालतच होती. म्हणाली, “काय इचारायचं? तुमी मला बघायला आला, तवा मी तुमाला पैल्यांदा बघितलं न्हवतं. आदल्या साली जत्रंत बघितलं हुतं, नाटकात. मी राणीला हो म्हनले हुते.”

मी म्हणालो, अगं, राणी म्हणजे मीच की.

“तेच तर सांगायलीय,” ती म्हणाली, आणि बांगड्यांचा डबा पिशवीत वर ठेवला.